किपुंजी : टांझानियाच्या डोंगरी जंगलातलं माकड

रानपिंगळा (धागाकर्ता)

दक्षिण टांझानियात, न्यासा सरोवराच्या उत्तरेला, रुंग्वे नावाचा जुना ज्वालामुखी आहे. उंची जवळजवळ २,९६० मीटर. खाली तुकुयु गावाच्या आसपास चहाचे मळे, केळी, कॉफी, मका. आणि शेतं संपतात तिथे एकदम दाट जंगल सुरू होतं. काही भागांत वर्षाला ३,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. फांदीफांदीला शेवाळ आणि दगडफूल, आणि धुकं तर पाचवीला पुजलेलं. या जंगलात, त्याला लागून असलेल्या लिव्हिंगस्टन डोंगररांगेत, आणि तिथून साधारण ३५० किलोमीटर दूर उद्झुंग्वा डोंगरातल्या न्दुन्दुलु जंगलात एक माकड राहतं. जगात दुसरीकडे कुठेही ते नाही. त्याचं नाव किपुंजी.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं दार-ए-सलामला राहतोय. इथली आपली मंडळी सेरेंगेटी बघतात, गोरोंगोरो बघतात, झांझिबारला तर सगळेच जातात. हा नैर्ऋत्येचा कोपरा मात्र राहून जातो. मराठीत किपुंजीबद्दल काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितोय.

अंगावर लांब, दाट, करडे-तपकिरी केस. पोट मळकट पांढरं आणि शेपटीचा टोकाकडचा भागही तसाच. तोंड काळंभोर, पापण्याही काळ्या. गालांवर लांब कल्ले आणि डोक्यावर उभा, रुंद तुरा. डोक्यापासून बुडापर्यंत लांबी साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर, शेपटी त्याहून लांब. वजनाचा अंदाज १० ते १६ किलो. केस एवढे दाट असायला कारण आहे. रुंग्वेच्या बाजूला ते २,४५० मीटर उंचीपर्यंत राहतं आणि तिथे थंडीत पारा शून्याखाली जातो. न्दुन्दुलुतले किपुंजी त्यामानाने खाली, १,३०० ते १,७५० मीटरच्या पट्ट्यात असतात.

टोळी मोठी असते, साधारण ३० जणांची, आणि तिच्यात एकाहून जास्त मोठे नर असतात. दिवसाचा बहुतेक वेळ झाडांच्या शेंड्यांवर जातो. जमिनीवर उतरतच नाहीत असं नाही, पण वरून वाट असेल तर वरूनच जातात. खाण्याच्या बाबतीत चोखंदळपणा अजिबात नाही. अभ्यासकांनी दक्षिणेकडच्या टोळ्यांच्या मागे राहून नोंद केली तेव्हा त्यांच्या आहारात १२२ जातींच्या वनस्पती निघाल्या. पानं कोवळीही चालतात आणि जूनही, फळं कच्ची-पिकली दोन्ही, शिवाय फुलं, बिया, साल, देठातला गर, शेवाळ, दगडफूल, बुरशी आणि किडेमकोडे. ज्या डोंगरावर बाराही महिने फळ मिळेलच असं नाही, तिथे टिकायचं तर हे सगळं खाता आलंच पाहिजे.

आता आवाज. किपुंजी जास्त करून आवाजानेच सापडतं. मोठा नर खोल, खरखरीत आवाजात एकदम भुंकल्यासारखं ओरडतो. त्यात थोडा बदकाच्या घोगऱ्या हाकेचाही भास होतो. मी वाटाड्याबरोबर रुंग्वेच्या उतारावर चढत होतो तेव्हा पहिली हाक दरीपलीकडून आली. वाटाड्याने हात वर करून थांबवलं. थोड्या वेळाने आमच्या बाजूच्या चढावरून उत्तर आलं, एवढ्या जवळून की छातीत जाणवलं. मग फांद्या हलायला लागल्या. आधी तुरा दिसला, मग काळं तोंड. एक मादी पोटाला पिल्लू बिलगलेलं घेऊन फांदीच्या बेचक्यात बसली होती आणि एका हाताने खोडावरचं शेवाळ खरवडून त्याखालचं काहीतरी वेचून खात होती. आमच्याकडे बघायची, परत खरवडायची. पिल्लाचे केस ओले होऊन चिकटले होते. नर वरच्या फांदीवर पाठमोरा, शेपटी उभी. एवढं दिसलं आणि धुक्याने झाड झाकून टाकलं. त्यानंतर नुसत्या फांद्यांचा आवाज येत राहिला.

विज्ञानाला हे माकड कळलं ते थेट २००३ साली. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीचे टिम डेव्हनपोर्ट आणि त्यांचे सहकारी रुंग्वेच्या गावांतून काम करत होते. तिथल्या न्याक्युसा जमातीच्या शिकाऱ्यांच्या बोलण्यात एका लाजऱ्या माकडाचं नाव यायचं. न्याक्युसांच्या गोष्टींमध्ये खरे प्राणीही येतात आणि अद्भुतही, त्यामुळे हे त्यातलं कुठलं ते लगेच कळेना. मग ते प्रत्यक्ष दिसलं. २००४ मध्ये दुसऱ्या गटाचे संशोधक ट्रेव्हर जोन्स यांना तेच माकड न्दुन्दुलुत दिसलं, आणि गंमत म्हणजे दोन्ही गटांना एकमेकांच्या शोधाचा पत्ता नव्हता. पुढे दोघांनी मिळून मे २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ते जाहीर केलं.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की शोध लागायच्या कितीतरी आधीपासून गावाला हे माकड ठाऊक होतं. ते कुठे असतं, काय खातं, कुठून मक्यात उतरतं, सगळं. शास्त्रज्ञांनी गावाचं ऐकलं म्हणून ते सापडलं, आणि यापुढे ते टिकेल की नाही हेही त्याच गावांवर अवलंबून आहे. यावर चर्चा व्हावी असं मनापासून वाटतं.

देवराई

फार सुंदर लिहिलंय. ते शेवाळ खरवडणारं माकड डोळ्यांसमोर उभं राहिलं. दोन प्रश्न आहेत. त्या जंगलात दुसरी माकडंही असतील ना? त्यांचं आणि किपुंजीचं जमतं का? आणि त्यांना धोका कुणाचा असतो?

रानपिंगळा

@देवराई, हो, असतात. अंगोला कोलोबस आहेत, खांद्यावरून पांढऱ्या केसांची झालर लोंबणारे, आणि निळी माकडं म्हणतात तीही आहेत. किपुंजी या दोघांबरोबर बऱ्याचदा एकत्र फिरताना दिसतात. कोलोबस मुख्यतः पानं खाणारा, त्यामुळे एकाच झाडावर असले तरी दोघांच्या ताटात फार ओढाताण होत नसावी. आणि जास्त डोळे पहाऱ्याला असले की धोका लवकर कळतो.

मोठा धोका म्हणजे मुकुटधारी गरुड. आफ्रिकेतल्या सगळ्याच जंगली माकडांना याची धास्ती असते. पंख आखूड, शेपटी लांब, त्यामुळे एवढा मोठा पक्षी दाट फांद्यांतूनही सहज वळतो. बिबट्याही आहे. पण खरं सांगायचं तर किपुंजीचे जास्त बळी माणसानेच घेतलेत.

मेघमल्हार

वाचतेय. फोटो असतील तर टाका ना!

गुणसूत्र

छान धागा. मी जनुकशास्त्राचा विद्यार्थी आहे. किपुंजीची आमच्या वर्गात चर्चा झाली होती, म्हणून त्या बाजूची भर घालतो.

२००५ साली त्याला मँगाबी गटात टाकलं होतं, म्हणजे आफ्रिकेतली लांब शेपटीची, झाडांवर राहणारी माकडं असतात त्यांत. दिसायला ते तसंच आहे. तेव्हा हाताशी फक्त फोटो आणि आवाजाचं ध्वनिमुद्रण होतं, मेलेला प्राणी नव्हता. मग एका शेतकऱ्याने मक्याच्या शेतात लावलेल्या सापळ्यात एक अर्धवट वाढलेला नर मेला. त्याचं शव अभ्यासकांना मिळालं, शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये गेलं, आणि त्यातून डीएनए काढता आला. डीएनए मँगाबीपेक्षा बबूनच्या जवळचा निघाला. पण कवटी आणि शरीराची ठेवण बबूनसारखी नाही. तोंड लांबुडकं नाही, राहणं झाडावर. म्हणून २००६ मध्ये त्याच्यासाठी वेगळी प्रजातीच (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) करावी लागली : रुंग्वेसेबस. आफ्रिकेतल्या जिवंत माकडाची नवी प्रजाती त्याआधी १९२३ मध्ये झाली होती. ८३ वर्षांचं अंतर!

पुढचा भाग मला जास्त भावतो. नंतर न्दुन्दुलुतल्या किपुंजींचेही नमुने तपासले गेले. रुंग्वेकडच्या किपुंजींचा मायटोकॉन्ड्रियातला (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला) डीएनए तिथल्या पिवळ्या बबूनशी फारच जुळतो, न्दुन्दुलुवाल्यांचा तसा जुळत नाही. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. म्हणजे फार पूर्वी कधीतरी रुंग्वेच्या बाजूला बबूनच्या माद्या किपुंजींच्या टोळीत आल्या आणि त्यांची संतती तिथेच मिसळून गेली, असा त्याचा अर्थ लावतात. माकड किपुंजीच राहिलं, आईकडून आलेली खूण मात्र मागे उरली. दोन्ही ठिकाणचे किपुंजी जपणं का गरजेचं आहे, हे यावरून लक्षात येईल. एका ठिकाणचे गेले तर त्यांच्या अंगातला इतिहासही गेला.

चष्मेबद्दूर

नुसत्या फोटोवरून प्राण्याला शास्त्रीय नाव द्यायला परवानगी असते का? मला वाटायचं संग्रहालयात नमुना ठेवावाच लागतो.

गुणसूत्र

@चष्मेबद्दूर, यावर तेव्हा जोरदार वाद झाला होता. रूढ पद्धत नमुना ठेवायचीच आहे, आणि ती योग्यही आहे. पुढच्या माणसाला पडताळून बघायला हातात काहीतरी लागतं. पण संख्या एवढी कमी असलेला प्राणी केवळ नावासाठी मारायचा का, असा प्रश्न होता. त्यांनी मारला नाही. मला तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. नमुना नंतर मिळाला, तोही संशोधकांनी मारलेला नव्हे.

बांधावरचा

धागा आवडला, पण शेतकरी म्हणून थोडं बोलतो.

आमचं घर रत्नागिरीच्या बाजूला, डोंगराच्या अगदी कुशीत. वानर आणि लाल तोंडाची माकडं, दोघांचाही त्रास. मोहोर ओरबाडतात, कोवळे नारळ पाडतात, घराच्या कौलांवरून पळतात. माझ्या आजीच्या वेळी परसात पावटा, भुईमूग, काकडी सगळं व्हायचं. आता आईने ते लावणंच सोडलं. राखणीला माणूस मिळत नाही आणि कुत्र्याला माकडं जुमानत नाहीत. शहरातून पाहुणे येतात, ‘किती गोड’ म्हणून फोटो काढतात. आमच्या पोटात कालवतं.

त्यामुळे ज्या न्याक्युसा शेतकऱ्याने मक्यात सापळा लावला त्याच्याकडे मला खलनायक म्हणून बघता येत नाही. त्याचा मका म्हणजे त्याच्या घरचं वर्षभराचं खाणं. रानपिंगळादादा, तुम्ही म्हणता गावांवर अवलंबून आहे. मग गावाला काय मिळालं? माकड वाचलं तर शास्त्रज्ञाचं नाव होतं, पर्यटकाला फोटो मिळतो. शेतकऱ्याचं नुकसान कोण भरून देतं?

देवराई

+१ बांधावरचा. याचं उत्तर मलाही ऐकायचंय.

रानपिंगळा

@बांधावरचा, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं, कारण हा मुद्दा कुणीतरी मांडायलाच हवा होता. त्या शेतकऱ्याला मीही दोष देत नाही.

किपुंजी मका, घेवडा आणि रताळी खायला शेतात उतरतात. तिकडे लोक लाकडाच्या ओंडक्याचे सापळे लावतात, कुत्रे घालतात. काही जण मांसासाठीही मारायचे. पण किपुंजी शेतात का येतात तेही बघायला हवं. जंगल कडेकडेने तुटत जातं : इमारती लाकूड, कोळशाच्या भट्ट्या, नवीन शेत. शेंड्यांची वाट तुटली की माकडाला जमिनीवर उतरावं लागतं, आणि उतरलेलं माकड कुत्र्याला सापडतं, शेतातही शिरतं. जंगल जितकं तुकड्यातुकड्यांचं, तितकी शेताची आणि जंगलाची हद्द लांब आणि तितकं दोघांचंही नुकसान. किपुंजीचं आणि शेतकऱ्याचं दुखणं मूळचं एकच आहे, असं मला वाटतं.

ज्या जोडपट्ट्यांवर सगळं अडलंय ते दोन आहेत. रुंग्वे डोंगर आणि लिव्हिंगस्टन रांग यांना जोडणारा बुजिंगिजिला पट्टा, आणि लिव्हिंगस्टनच्याच उत्तर-दक्षिण भागांमधला नुम्बे-विकोंग्वे पट्टा. दोन्ही अरुंद आणि झिजलेले. तुटले तर टोळ्या कायमच्या वेगळ्या पडतील.

गावाला काय मिळालं, याचं पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. तिथे शाळांमधून मुलांना शिकवणं, रोपवाटिका, झाडं लावणं हे वर्षानुवर्षं चाललंय. २००५ मध्ये किटुलो राष्ट्रीय उद्यान झालं आणि लिव्हिंगस्टनचं जंगल त्यात आलं. रुंग्वेलाही नंतर संरक्षण मिळालं. माझा वाटाड्या त्याच भागातल्या एका खेड्यातला होता. वडील शिकारी होते म्हणाला. त्यांच्याकडून शिकलेल्या वाटांवरून तो आता लोकांना माकड दाखवायला नेतो. पण असा रोजगार गावात किती जणांना मिळणार? नुकसानभरपाईचा तुमचा मुद्दा माझ्या मते शंभर नंबरी आहे. जो शेतकरी जंगलाला खेटून राहतो, त्याच्या खिशातून जगाने माकड वाचवू नये.

उंबरठा

रवांडात याचं थोडं उत्तर मी बघितलंय. आम्ही व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात सोनेरी माकडं बघायला गेलो होतो. गोरिलाचा परवाना १,५०० डॉलर, तो परवडणारा नव्हता. सोनेरी माकडांचा १०० डॉलर. किनीगी गावातल्या उद्यानाच्या कार्यालयातून सकाळी निघालो, बटाट्याच्या शेतांमधून चालत उद्यानाच्या दगडी गडग्यापर्यंत, गडगा ओलांडला की लगेच बांबू.

ही माकडं विरुंगा ज्वालामुखींवर राहतात, शिवाय रवांडातल्याच गिश्वतीच्या जंगलात थोडी उरलीत. पाठीवर आणि गालांवर खरोखर नारिंगी-सोनेरी झाक, हातपाय काळे. बांबूवर त्यांचा फार जीव. पावसात कोंब फुटायला लागले की टोळीच्या टोळी बांबूतच मुक्कामाला असते, एरवी बांबूचीच पानं आणि जमतील ती फळं. आमच्यासमोर एकाने कोंब मुळाशी धरून पिळून तोडला, दातांनी वरची सोपटं भराभर सोलली आणि आतला पांढरा गाभा कडाकडा खाल्ला. शेजारी दुसरा येऊन बसला तसा उरलेला कोंब काखेत घेऊन वर पळाला. आमच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

तिथे उद्यानाच्या उत्पन्नातला वाटा भोवतालच्या गावांना देतात. पूर्वी ५ टक्के होता, २०१७ मध्ये गोरिलाचा परवाना महागला तेव्हा १० टक्के केला. शाळा, पाण्याच्या टाक्या अशी कामं त्यातून होतात. टांझानियाच्या त्या कोपऱ्यात पर्यटक एवढे नाहीत, म्हणून तिथे हेच गणित बसेल असं नाही.

गिश्वतीचं मात्र वाचून पोटात खड्डा पडतो. १९७० च्या दशकात जे जंगल सुमारे २८० चौरस किलोमीटर होतं ते गुराढोरांची कुरणं, शेती आणि १९९४ च्या नरसंहारानंतर परतलेल्या विस्थापितांच्या वस्त्या यांत जवळजवळ संपलं, अगदी थोडं उरलं. आता ते गिश्वती-मुकुरा राष्ट्रीय उद्यान आहे आणि पुन्हा झाडं वाढवतायत.

तिथून पुढे रवांडातल्याच न्युंग्वेच्या जंगलात गेलो तर रस्त्याच्या कडेलाच आणखी एक डोंगरी माकड दिसलं, लोएस्ट नावाचं. काळसर अंग, पाठीवर तांबूस खोगीर, गळ्याभोवती पांढरी दाढी. हे बऱ्यापैकी जमिनीवरच असतं. टोळीत बहुधा एकच मोठा नर आणि बाकी माद्या-पिल्लं. किपुंजीच्या टोळीत अनेक नर असतात हे वाचलं आणि फरक लक्षात आला.

बांधावरचा

@रानपिंगळा, शेवटचं वाक्य मनापासून पटलं. धन्यवाद. @उंबरठा, ५ चे १० टक्के झाले हे चांगलंच. आमच्याकडे असा वाटा कुणी देऊ केला तर मी स्वतः राखण करीन जंगलाची.

एक प्रश्न. एकूण किपुंजी आहेत तरी किती?

रानपिंगळा

@बांधावरचा, पहिली पूर्ण मोजणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण १,११७. त्यातले १,०४२ रुंग्वे-लिव्हिंगस्टनकडे ३४ टोळ्यांत आणि न्दुन्दुलुत फक्त ७५, चार टोळ्यांत. त्यांच्या वावराचं जंगल सगळं मिळून १८ चौरस किलोमीटरही भरलं नाही. त्यावरून त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं.

चांगली बातमी अशी की साधारण १३ वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा आकडा आधीच्या दीडपटीच्या वर गेला होता. आता वर्गवारी एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ अशी आहे. अजून एवढ्याशा जंगलात आहेत ते, पण वाढले. पहारा, जंगलाला मिळालेलं कायद्याचं संरक्षण आणि गावांनी सापळे कमी करणं, या सगळ्यांचा तो परिणाम मानतो मी. वाढ झालीय याचं श्रेय गावांना आवर्जून दिलं पाहिजे.

न्दुन्दुलुची मात्र काळजी वाटते. जंगल तिथलं चांगलं आहे, पण पहिल्या मोजणीतली ७५ ही संख्या फारच लहान होती. एखादी साथ आली तर?

सह्यवेडी

अवांतर : किपुंजीच्या खाण्यातल्या झाडांत मॅकरांगा आहे असं वाचलं. आपल्या सह्याद्रीतला चांदाडा याच प्रजातीतला! मोठं, ढालीसारखं पान, देठ पानाच्या कडेऐवजी मधोमध जोडलेला. जंगल तुटलेल्या मोकळ्या जागेत सगळ्यात आधी येणाऱ्या झाडांपैकी आहे. आंबोलीला रस्त्याकडेला ढिगाने दिसतो. तिकडचा मॅकरांगाही असाच लवकर वाढणारा असेल तर तुटलेल्या पट्ट्यांत लावायला कामाचा.

रानपिंगळा

@सह्यवेडी, अगदी बरोबर. तिकडचा मॅकरांगा कापेन्सिस, तोही मोकळ्या जागेत लवकर उठतो आणि किपुंजींना फार आवडतो. चांदाड्याचं मला सुचलं नव्हतं, आता आंबोलीला गेलो की बघेन.

अवांतराला अवांतर : किटुलोच्या पठारावर पावसाळ्यात फुलांचा जो गालिचा होतो त्याला तिथले लोक ‘बुस्तानी या मुंगु’, म्हणजे देवाची बाग म्हणतात. जमिनीवर उगवणारी ऑर्किडं तिथे कितीतरी जातींची आहेत. त्यांचे कंद खणून झांबियात पाठवायचा मोठा धंदा चालायचा; तिकडे त्यांपासून चिकांडा नावाचा पदार्थ करतात. उद्यान करण्यामागे ती ऑर्किडं वाचवणं हेही एक मोठं कारण होतं. त्या फुलांमुळे खालच्या जंगलातल्या माकडालाही छत्र मिळालं.

मेघमल्हार

आम्ही पुढच्या वर्षी टांझानियाला यायचं म्हणतोय. सासूबाई बरोबर असतील, वय सत्तरच्या पुढे. किपुंजी बघायला कसं जायचं आणि कधी?

रानपिंगळा

@मेघमल्हारताई, दार-ए-सलामहून म्बेयाला विमानाने या, ते सोपं. ताझारा रेल्वेही म्बेयावरून जाते, पण वेळापत्रकाचा भरवसा नाही, सासूबाईंना त्रास होईल. म्बेयाहून तुकुयुला गाडीने, मुक्काम तिथेच. फुलं बघायची तर डिसेंबर ते मार्च-एप्रिल, पण तेव्हा चिखल भरपूर. जंगलात चढायचं असेल तर जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत या. गरम कपडे आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेतच.

चढ मात्र उभा आणि निसरडा आहे, सासूबाईंना नेऊ नका. त्यांच्यासाठी किटुलोचं पठार गाडीतूनही बघता येतं आणि तुकुयुचे चहाचे मळेही सुंदर आहेत. वाटाड्या गावातलाच घ्या आणि पैसे त्याच्याच हातात द्या. किपुंजी दिसेलच अशी हमी कुणी देणार नाही. पण पहाटे लवकर निघालात तर आवाज ऐकायला मिळण्याची शक्यता चांगली. तारखा ठरल्या की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाटाड्याशी बोलून ठेवतो.